लठ्ठपणाचें मूळ कोठें ?

मूल सहा महिन्यांचें झालें, त्याच्या मनगटांना व मांड्यांना वळ्या पडूं लागल्या, कीं घरांतील वडील माणसें समाधानानें म्हणतात, "बाळानें बाळसें धरलें." हेंच मूल पंचेचाळिशीला येतें, सदऱ्याच्या गुंड्या पोटावर ताणूं लागतात, तेव्हां "खात्यापित्या घरचा दिसतो" असें म्हणून पुढची पिढी तितक्याच समाधानानें त्याच्याकडे पाहते. ज्या देशांत दुष्काळाच्या आठवणी अजून पुसल्या गेल्या नाहींत, तेथें भरलेलें अंग हें सुस्थितीचें लक्षण मानलें जावें ह्यांत नवल नाहीं. परंतु ही सुस्थिति आतां फार घरांतून शिरली आहे, आणि तिच्या मागोमाग मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार हे पाहुणेहि मुक्कामास आले आहेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आंकडे ह्या बाबतींत पुरेसे बोलके आहेत. २००५-०६ सालीं पंधरा ते एकोणपन्नास वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा १२.६ स्त्रिया वाजवीपेक्षां अधिक वजनाच्या आढळल्या. पुरुषांत हें प्रमाण शेंकडा ९.३ होतें. २०१९-२१ च्या पाहणींत स्त्रियांचें प्रमाण २४ वर आणि पुरुषांचें जवळजवळ २३ वर गेलें. शहरांतल्या स्त्रिया तेवढ्या वेगळ्या काढल्या तर शेंकडा ३३, म्हणजे दर तीन स्त्रियांत एक. पंधरा वर्षांत एखादी व्याधि दुपटीनें वाढावी आणि तिची दवंडी कोणी पिटूं नये, हें ह्याच व्याधीच्या बाबतींत घडूं शकतें. कारण ती हळूहळू येते, दुखत नाहीं, आणि प्रथम प्रथम तर शोभूनहि दिसते. जगाची स्थिति निराळी नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानें २०२२ सालीं पृथ्वीवरील २५० कोटि प्रौढ माणसें अधिक वजनाचीं होतीं, व त्यांतील ८९ कोटि स्पष्टपणें लठ्ठ म्हणावीं अशीं होतीं. २०२५ च्या सप्टेंबरांत संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीनें जाहीर केलें कीं, शाळकरी वयाच्या मुलांत लठ्ठ मुलांचें प्रमाण प्रथमच हडकुळ्या मुलांच्या पुढें गेलें आहे.

असें कां व्हावें ? चाळींत, कचेरींत आणि दुर्दैवानें पुष्कळशा दवाखान्यांतहि ह्या प्रश्नाचें उत्तर एकच मिळतें : जिभेवर ताबा नाहीं, आणि अंगांत आळस भरला आहे. हें उत्तर देणाऱ्यास सोपें व ऐकणाऱ्यास लाजविणारें आहे. परंतु तें अपुरें आहे. चरकसंहितेसारख्या प्राचीन ग्रंथांतहि ह्याहून अधिक विचार केलेला आढळतो. तेथें अतिस्थूल मनुष्याची गणना आठ निंदित देहांत केली आहे खरी; तथापि कारणें सांगतांना गोड, जड व स्निग्ध अन्न, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोंप व निश्चिंत मन ह्यांच्या जोडीस 'बीजस्वभाव', म्हणजे आईबापांकडून आलेला देहधर्म, हेंहि कारण दिलें आहे. १९८६ सालीं डेन्मार्कमधील ५४० दत्तक व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध झाली. ह्या व्यक्तींचा सडपातळपणा वा लठ्ठपणा, ज्यांनीं त्यांना लहानाचें मोठें केलें त्या आईबापांशीं जुळत नव्हता. ज्यांचा सहवासहि घडला नाहीं, त्या जन्मदात्यांशीं तो जुळत होता. एकाच पंक्तीला जेवून एक भाऊ शिडशिडीत राहतो आणि दुसऱ्याचें अंग सुटतें, ह्यांत दुसऱ्याचा अपराध असलाच पाहिजे असें नाहीं.

परंतु बीज पंधरा वर्षांत बदलत नाहीं. तें ज्या रानांत पडतें तें रान मात्र बदललें आहे, आणि शोध करावयाचा तो तेथेंच.

प्रथम श्रमांचा विचार. ह्या विषयावरील एक फार चांगला अभ्यास हिंदुस्थानांतच झाला, आणि तो आज येथें फारसा कोणाच्या स्मरणांत नाहीं. पश्चिम बंगालमधील एका तागाच्या गिरणींत ज्यां मेयर ह्या आहारशास्त्रज्ञानें, राय व मित्र ह्या सहकाऱ्यांसह, दोनशेंहून अधिक पुरुषांचा आहार, वजन व काम ह्यांची तपासणी केली. ती १९५६ सालीं प्रसिद्ध झाली. ओझीं वाहणारे हमाल भरपूर खात होते, पण अंगानें सडसडीत होते. मध्यम कष्टांचीं कामें करणारे त्यांच्याहून कमी खात होते, आणि तेहि सडसडीतच होते. येथपर्यंत सर्व सरळ होतें. जितकें काम तितकी भूक. परंतु दिवसभर दुकानांत मांडी घालून बसणारे दुकानदार आणि बैठें काम करणारे कारकून ह्यांच्यापाशीं येतांच हा हिशेब उलटला. त्यांची भूक कामाबरोबर खालीं उतरली नव्हती. ते जवळजवळ हमालांइतकें खात होते, आणि त्यांचीं वजनें सर्वांत अधिक होतीं. निष्कर्ष असा निघाला कीं, हालचाल कांहीं एका मर्यादेच्या खालीं गेली म्हणजे भुकेचा कांटा बिघडतो व शरीराला आपली गरज ओळखतां येईनाशी होते. गिरणीच्या दुकानदाराची ती बैठक आज शहरांतील बहुतेक नोकरदारांची बैठक झाली आहे. त्यांत उद्वाहक, दुचाक्या व हातांतला फोन ह्यांची भर पडली, आणि वाण्याकडे जाण्याचेंहि काम उरलें नाहीं. वाणीच दारीं येतो.

एवढ्यावरून, रोज टेकडी चढून आलें कीं खाल्लेलें सारें जिरलें, असा समज मात्र कोणी करून घेऊं नये. टांझानियांतील हाड्झा लोक अद्यापि शिकार करून व कंदमुळें खणून निर्वाह करतात, आणि त्यासाठीं रोज कोसच्या कोस चालतात. हर्मन पाँट्झर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्यांच्या शरीराचा दिवसाचा एकूण ऊर्जाव्यय मोजला. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष चकित करणारा होता : देहाच्या आकाराचा विचार केल्यास, खुर्चींत बसणाऱ्या अमेरिकन माणसाहून हाड्झा मनुष्य अधिक ऊर्जा खर्च करीत नाहीं. चालण्यांत जें जातें तें शरीर दुसरीकडे काटकसर करून भरून काढतें असें दिसतें. व्यायामानें हृदय सुधारतें, रक्तांतील साखर आटोक्यांत राहते, स्नायु टिकतात, झोंपहि चांगली लागते. ह्या सर्वांसाठीं तो अवश्य करावा. परंतु वाढत्या लठ्ठपणाचें कोडें केवळ पायांच्या आळसानें सुटत नाहीं. शोध घेतां घेतां ताटाशींच यावें लागतें.

ताटांत काय बदललें ? सर्वांत मोठा बदल असा आहे कीं तो ताटांत डोळ्यांना दिसतच नाहीं. तो तेलाचा. पूर्वीं घाणीचें तेल मापून आणावयाचें, बुधलींत ठेवावयाचें आणि पळीनें मोजून घालावयाचें, अशी रीत होती. तळण हें सणासुदीचें काम होतें. १९३७ सालीं डालडा बाजारांत आला व स्वस्त वनस्पति तूप घरोघर पोंचलें. खरा पूर आला तो त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं. १९९४ सालीं पामतेलाच्या आयातीवरील निर्बंध उठले, आणि हिंदुस्थान पाहतां पाहतां खाद्यतेलाचा जगांतील अग्रगण्य खरेदीदार झाला. २०२०-२१ सालीं देशांतील दरडोई तेलाचा खप वर्षाला १९.७ किलोवर गेला होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सल्ल्याप्रमाणें तो सुमारें १२ किलो असावा. हाच हिशेब एखाद्या गृहिणीच्या भाषेंत मांडावयाचा तर, चौघांच्या कुटुंबाला महिन्याला चार किलो तेल पुरावें. सध्यांच्या सरासरीनें तें साडेसहा किलो लागतें. त्यांतलें पुष्कळसें घरांतल्या कढईंत पडतच नाहीं. तें फरसाणाच्या पुड्यांतून, बिस्किटांतून, खारीबटरांतून आणि कोपऱ्यावरच्या वड्यांतून न कळत पोटांत जातें. आणि "आमच्या घरीं तेल फार कमी लागतें" असें सांगणारी गृहिणी खोटें बोलत नसते.

दुसरा बदल धान्याचा. घाटावर ज्वारीबाजरीची भाकरी आणि कोंकणांत हातसडीचा तांदूळ हें जेवणाचें बूड होतें. त्या जागीं पॉलिश केलेला पांढरा भात आला, आणि न्याहारीच्या व मधल्या वेळच्या खाण्यांत मैदा शिरला. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणींत असें आढळलें कीं, भारतीय माणसाला मिळणाऱ्या ऊर्जेपैकीं शेंकडा ६२ भाग पिष्ट व शर्करा ह्यांतून येतो. म्हणजे ताटांत भाताचा डोंगर तेवढाच राहिला, वरण मात्र पातळ झालें. त्यावर चहा. दिवसाला चार कप, प्रत्येकीं दोन चमचे साखर, असें धरलें तर चाळीस ग्रॅम साखर केवळ चहांतून पोटांत जाते. आणि ती कोणी 'गोड खाणें' ह्या सदरांत धरीत नाहीं. उपासाच्या दिवशींची गोष्ट तर बोलावयासच नको. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस व तळलेल्या पापड्या ह्यांनीं जो उपास घडतो, त्याला जुन्या माणसांनीं 'एकादशी, दुप्पट खाशी' असें नांव आधींच देऊन ठेवलें आहे.

तिसरा बदल ह्या दोहोंहून नवा आहे. ब्राझीलच्या साव पावलो विद्यापीठांतील कार्लोस मोंतेरो ह्यांनीं २००९ च्या सुमारास एक निराळाच प्रश्न पुढें मांडला. अन्नांत स्निग्ध किती, साखर किती, हें तर पाहावेंच. पण त्या अन्नाचें काय केलें गेलें आहे, हें पाहिलें पाहिजे. कारखान्यांत मूळ धान्य, तेल व साखर ह्यांचे घटक अलग करून, स्वाद, रंग व टिकाऊपणाचीं द्रव्यें मिसळून जे पदार्थ नव्यानें जुळविले जातात, त्यांना त्यांनीं 'अतिप्रक्रियित' हें नांव दिलें. बाटलींतलीं पेयें, पुड्यांतील चिप्स, बिस्किटें, दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवया, हीं त्यांतलीं घरोघरचीं उदाहरणें.

हा केवळ तर्क आहे कीं काय, हें पाहण्यासाठीं अमेरिकेंतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेंत केव्हिन हॉल ह्यांनीं एक नेटका प्रयोग केला. तो २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. वीस स्त्रीपुरुषांना चार आठवडे संस्थेंतच ठेवण्यांत आलें. त्यांपैकीं दोन आठवडे त्यांना कारखानी अन्न व दोन आठवडे साधें, घरगुती पद्धतीनें शिजविलेलें अन्न देण्यांत आलें. दोन्ही प्रकारच्या जेवणांत मांडलेले उष्मांक, साखर, स्निग्ध, मीठ व चोथा हीं तोलून सारखीं ठेवलीं होतीं, आणि हवें तितकें खाण्याची सर्वांना मोकळीक होती. कारखानी अन्नाच्या दोन आठवड्यांत तींच माणसें दिवसाला सुमारें ५०० उष्मांक अधिक खाऊं लागलीं, आणि त्यांचें वजन जवळजवळ एक किलोनें वाढलें. साध्या अन्नावर तें तितकेंच उतरलें. त्यांना कोणी आग्रह केला नव्हता. साधें जेवण त्यांना कमी आवडलें असेंहि नव्हतें, कारण दोन्हींच्या चवीला त्यांनीं सारखेच गुण दिले होते. एक फरक मात्र स्पष्ट दिसला : कारखानी अन्न तीं भराभर खात होतीं. मऊ, कोरड्या, चावावें न लागणाऱ्या अन्नाचा घांस आंत उतरतो, आणि पोट भरल्याची वार्ता मेंदूला पोंचण्याच्या आधींच ताट रिकामें होतें.

ह्याचें मर्म त्याआधीं चाळीस वर्षांपूर्वीं, १९७७ सालीं, इंग्लंडांतील ब्रिस्टलच्या एका लहानशा प्रयोगांत उघड झालें होतें. दहा माणसांना सफरचंदें देण्यांत आलीं. कधीं अखंड, कधीं वाटून, कधीं केवळ रस करून, आणि तिन्हींतली साखर सारखीच ठेवलेली. अखंड फळें खावयास सतरा मिनिटें लागलीं, वाटलेला गर सहा मिनिटांत संपला, रस दीड मिनिटांत. अखंड फळानें पोट सर्वांत अधिक भरलें. रस पिणाऱ्यांना लवकर भूक लागली, आणि त्यांची रक्तशर्करा मागाहून अधिक घसरली. डब्यांत संत्रें देण्याऐवजीं मुलाच्या हातीं रसाची पुठ्ठ्याची पेटी देणाऱ्या आईचा हेतु चांगलाच असतो. पेटीवर फळाचें चित्रहि असतें.

येथवरची हकीकत जगांतील कोणत्याहि शहराला लागू पडेल. हिंदी माणसाच्या देहाची मात्र एक वेगळी गोष्ट आहे, आणि ती उलगडण्याचें बरेंचसें श्रेय पुण्याला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांचें लंडनच्या डॉ. जॉन युडकिन ह्यांच्यासमवेत काढलेलें एक छायाचित्र २००४ सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत छापलें गेलें. दोघेहि सारख्याच बांध्याचे दिसतात, आणि उंचीच्या मानानें वजन काढण्याचा जो निर्देशांक असतो तो दोघांचा अगदीं एकच, २२.३, म्हणजे निर्दोष समजला जाणारा. क्ष-किरणांच्या साहाय्यानें त्यांच्या देहांतील मेद मोजला, तेव्हां युडकिनांच्या शरीरांत तो शेंकडा ९.१ भरला, आणि याज्ञिकांच्या शरीरांत शेंकडा २१.२. कांट्यावर दोघे सारखे. आंत मात्र दुपटीहून अधिक अंतर.

हें अंतर पडतें केव्हां, हा पुढचा प्रश्न. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांची नोंद ठेवण्यांत आली व त्यांच्या बाळांचीं मापें घेण्यांत आलीं. बाळांचें सरासरी वजन २.७ किलो होतें. इंग्लंडांतील साउथहॅम्प्टनच्या बाळांचें ३.५ किलो. एवढीं लहानखुरीं हीं मुलें हाडापेशींनीं तर रोडच होतीं, परंतु त्यांच्या पाठीवरील त्वचेखालचा मेद त्या मानानें जवळजवळ पुरा होता. स्नायु कमी, मेद तेवढाच. उपाशी गर्भाशयांत वाढणारें मूल काटकसरीनें संसार मांडतें, आणि पुढें ह्या काटकसरी देहाला तेल, मैदा व साखर ह्यांची सुबत्ता मिळाली कीं तो ती सांठवितो; तीहि कातडीखालीं सर्वत्र न सांठवितां पोटांत व यकृताभोंवतीं, जेथें ती अधिक अपाय करते. म्हणून हातपाय बारीक व पोट मात्र पुढें आलेलें, अशी ओळखीची आकृति घरोघर दिसते. अशा गृहस्थाला कोणी लठ्ठ म्हणत नाहीं. तोहि स्वतःला म्हणत नाहीं. परंतु २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणींत सर्वांगीण स्थूलता शेंकडा २८.६ जणांत आढळली, तर पोटाची स्थूलता शेंकडा ३९.५ जणांत, आणि देशांतील मधुमेह्यांची संख्या १० कोटि १० लक्ष धरली गेली. ह्याच कारणानें आशियाई लोकांसाठीं मर्यादा खालीं आणल्या आहेत. युरोपांत निर्देशांक २५ च्या वर गेला म्हणजे वजन अधिक समजतात, येथें २३ लाच सावध व्हावें लागतें. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर व स्त्रीचा ८० सेंटिमीटर ह्याच्या आंत असावा. शिवणाच्या डब्यांतली टेप ह्या कामीं वजनाच्या कांट्याहून अधिक खरें बोलते.

घरांतील स्त्रीसंबंधीं थोडें निराळें सांगावयास हवें. सर्वांचें झाल्यावर ती जेवते, आणि कढईंतलें, पातेल्यांतलें व मुलांच्या पानांतलें उरलेलें अन्न वायां जाऊं नये म्हणून तेंहि संपविते. वरण व भाजी तोंवर तळाला गेलेली असते. उरतो तो भात. बाळंतपणांत वाढलेलें वजन उतरविण्यास तिला ना वेळ, ना जागा. संध्याकाळीं एकटीनें फिरावयास जावें असा रस्ता कित्येक वस्त्यांत नाहीं, आणि जेथें आहे तेथें जाण्याची घरून अनुज्ञा असतेच असें नाहीं. दर तीन शहरी स्त्रियांत एक, हा जो आंकडा, त्याच्या मागें आळस नाहीं. असला तर तो दुसऱ्या कोणाचा आहे.

मग अन्न कमी करून वजन कां उतरवूं नये ? उतरतें, परंतु टिकत नाहीं. आणि ह्याचेंहि कारण मनाच्या दुबळेपणांत नाहीं. १९९४ सालीं न्यूयॉर्कांत जेफ्री फ्रीडमन ह्यांना लेप्टिन ह्या द्रव्याचा जनुक सांपडला. हें द्रव्य मेदच निर्माण करतो, आणि कोठार भरल्याची खबर मेंदूला देतो. मेद घटला कीं खबर मंदावते, आणि मेंदु दुष्काळ पडला असें समजून भूक वाढवितो. २०११ सालीं ऑस्ट्रेलियांत पन्नास माणसांवर झालेल्या पाहणींत, दहा आठवड्यांच्या कडक पथ्यानंतर बिघडलेलीं भुकेचीं द्रव्यें वर्षानंतरहि पूर्वपदावर आलीं नव्हतीं. ज्याला शेजारीपाजारी "चार दिवसांत सोडलेंस ना पथ्य ?" म्हणून हिणवितात, तो एक वर्षभर आंतून येणाऱ्या हांकेशीं झगडत असतो. भूक मारणारीं नवीं इंजेक्शनें आहेत. २०२५ सालीं तीं हिंदुस्थानच्या बाजारांतहि आलीं. त्यांनीं वजन खरोखरच उतरतें, परंतु तीं थांबविलीं कीं बहुतेकांचें वजन पुन्हा चढूं लागतें.

म्हणून वाढलेलें वजन उतरविण्यापेक्षां तें चढूंच न देणें हें पुष्कळ सोपें, आणि त्याचा आरंभ पोराच्या पानापासून व त्याहूनहि आधीं त्याच्या आईच्या पानापासून होतो. पुण्याजवळच्या त्या सहा खेड्यांत १९९३ नंतर ज्या मुली रोड देहानें व मेदभरल्या पाठीनें जन्मास आल्या, त्या आतां स्वतः आया झाल्या आहेत. आणि त्यांच्या बाळांचींहि वजनें व मापें त्याच वहींत पुढें लिहिलीं जात आहेत.